बहुतेक

आईच्या टेबलावर पेनाइतकाच मान पेन्सिलीला होता. तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत ती हिशेब बघायची. पेन नोंदीसाठी, पेन्सिल शंकेसाठी. रोजकीर्दीतला आकडा खतावणीत नीट चढलाय असं दिसलं की त्याच्याशेजारी बारीक बरोबरची खूण. आणि जिथं मन धजत नसे तिथं नुसतं एक टिंब. शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे जाऊन बसायचे. तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावेची बेरीज, जुळत नाही म्हणून सगळं ऑफिस खोळंबलंय, अशा कितीतरी संध्याकाळी मी पाहिल्यात. साहेब विचारायचे, "बाई, सापडलं का?" आई म्हणायची, "बघतेय." तिची नजर त्या वेळी पानभर भटकत नसे, एकेक टिंब गाठत जात असे. जुळलं की रबर काढून ती सगळी टिंबं पुसून टाकायची. दुसऱ्या दिवशी वही स्वच्छ, कुणाला काही शंका आलीच नव्हती अशी.

तिनं मला दोन युक्त्या शिकवल्या होत्या. फरकाला दोनानं भाग, आणि तेवढी रक्कम नावेऐवजी जमेला पडलीय का ते शोध. मग नवानं भाग. निःशेष भाग गेला तर कुठंतरी अंकांची अदलाबदल झाली असेल, ५,६४० चे ५,४६० झाले असतील. दोन अंक उलटे पडले की फरक नवाच्या पटीतच येतो. मला हे तेव्हा जादूसारखं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर आजही वाटतं.

गेल्या मार्चअखेरीला ही जादू मला नडली. आमच्या सोसायटीत २८ फ्लॅट आहेत आणि खजिनदार मी आहे. वर्षाची जमा एक्सेलमध्ये एक आणि बँकेच्या उताऱ्यात दुसरीच, फरक ५,४०० चा. नवानं भागलं, बरोबर ६०० आले. झालं, मी उलटे पडलेले अंक शोधत बसले. पावत्यांची चळत एका बाजूला, लॅपटॉप दुसऱ्या बाजूला, पट्टी धरून एकेक ओळ. पाऊण तास गेला. एकही अंक उलटा नव्हता.

रविवार होता म्हणून धाकटा भाऊ जेवायला आलेला. त्यानं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, सरक जरा."

त्यानं एकही ओळ वाचली नाही. आधी फाइलची एक प्रत केली. मग जमेच्या रकान्यातल्या अर्ध्या ओळी उडवल्या, बेरीज बघितली, कंट्रोल-झेड दाबून परत आणल्या. दुसऱ्या अर्ध्या उडवल्या, पुन्हा कंट्रोल-झेड. मग अचानक तो रकाना चढत्या क्रमानं लावून टाकला. माझ्या काळजात धस्स झालं, कारण नावं एकीकडे राहिली आणि रकमा भलतीकडे गेल्या. "अरे काय करतोयस!" "प्रत आहे ग ती." आणि सगळे आकडे क्रमानं लागल्यावर एक आकडा तळाशी जाऊन पडला. ५,४००. त्याच्या वर त्याच्यापेक्षा मोठे आकडे असूनही हा सगळ्यात खाली. एका बिऱ्हाडानं महिन्याला २,७०० प्रमाणे दोन महिन्यांचे एकदम भरले होते, आणि मी ती रक्कम व्हॉट्सॲपच्या निरोपातून उचलून तशीच चिकटवली होती. आकड्यामागं एक मोकळी जागा आली होती, साधी नव्हे, 'नॉन-ब्रेकिंग' जातीची. त्या एका जागेमुळं एक्सेलच्या लेखी तो आकडा उरला नव्हता, मजकूर झाला होता. आणि मजकूर बेरजेत धरला जात नाही, तक्रारही होत नाही. एरवी मजकूर डावीकडे सरकतो, आकडे उजव्या कडेला टेकून उभे राहतात, तेवढी खूण तरी दिसते. पण दिसायला बरं म्हणून तो रकाना मीच मधोमध आणून ठेवला होता.

दहा मिनिटांत सापडलं. जुळलं. भावानं लॅपटॉप मिटायला हात पुढं केला, आणि मी म्हटलं, "थांब, मला पुढचं वाचायचंय."

मी वाचतच होते ना, ते अर्धवट सोडवेना. वरून खाली, शीटच्या एकेका घरात, म्हणजे सेलमध्ये जाऊन, आत काय लिहिलंय ते. सिंकिंग फंडाच्या ओळीत, जिथं सूत्र असायला हवं तिथं, नुसता आकडा ठोकलेला मिळाला. आधीच्या कुणीतरी घाईत सूत्रावर टाइप केला असणार. यंदा तो आकडा योगायोगानं बरोबर होता. पुढच्या वर्षी दर बदलला असता तेव्हा चुकला असता, आणि तोवर तो कुणाला दिसला नसता. मी तिथं सूत्र परत घातलं, खाली ओढलं आणि तिथंच एक नवी चूक केली. सूत्रातला पत्ता जागेवर धरून ठेवणारं डॉलरचं चिन्ह द्यायचं राहिलं, त्यामुळं प्रत्येक ओळीबरोबर सूत्राचा पल्लाही एकेक घर खाली सरकत गेला. भावानं सूत्रांच्या टॅबमधलं एक बटण दाबलं आणि पडद्यावर निळे बाण उमटले, कोणता आकडा कुठून येतोय ते दाखवणारे. चूक लगेच डोळ्यांत भरली. ते बटण माझ्या समोर १५ वर्षं होतं. मी त्याला एकदाही हात लावला नव्हता.

का लावला नव्हता, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

या प्रश्नावर नीट काम झालेलं आहे, आणि ते अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या कॉर्व्हॅलिस या गावी, तिथल्या राज्य विद्यापीठात. संगणकशास्त्राच्या प्राध्यापक मार्गारेट बर्नेट आणि त्यांची तेव्हाची विद्यार्थिनी लॉरा बेकविथ यांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये एक प्रयोग मांडला. फॉर्म्स/३ नावाची प्रयोगापुरती स्प्रेडशीट, त्यात मार्कांचा आणि पगाराचा असे दोन तक्ते, आणि त्यांत मुद्दाम पेरलेल्या चुका. सोबत चुका शोधायच्या सोयी दिलेल्या. घरातला आकडा बरोबर वाटला तर बरोबरची खूण करायची, मग चौकटीचा रंग लालकडून निळ्याकडे जाई. चूक वाटला तर फुली. शिवाय बाण. बसायच्या आधी प्रत्येकाला विचारलं होतं की हे काम तुम्हाला जमेल असं तुम्हाला कितपत वाटतं.

पेरलेल्या चुका दुरुस्त करण्यात स्त्रिया आणि पुरुष यांच्यात म्हणावा असा फरक नव्हता. फरक दुसरीकडे होता. स्त्रियांचा स्वतःवरचा भरवसा कमी होता, आणि ज्यांचा कमी होता त्यांनी नव्या सोयींना हात कमी लावला. ओळखीची गोष्ट म्हणजे सूत्र स्वतः बदलणं, त्यावरच त्या विसंबल्या. त्या नादात नव्या चुका घुसल्या आणि तशाच राहिल्या. या सोयी शिकायला आपल्याला फार वेळ लागेल असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात समज तपासली तेव्हा त्या पुरुषांच्या मागे नव्हत्या.

हे वाचताना मी खुर्चीतच थांबले. ते डॉलरचं चिन्ह, ती १५ वर्षं न दाबलेली कळ. कॉर्व्हॅलिसमधल्या त्या मुलींना मी कधी भेटणार नाही, पण त्यांच्या टेबलापाशी मी बसून आलेय असं वाटलं.

आमच्या घरी एक टेपरेकॉर्डर होता. तो अडकला की भाऊ स्क्रू काढून बसायचा, आठनऊ वर्षांचा असेल. दोनदा तो पार बिघडवला त्यानं. बाबा म्हणायचे, "करू दे, शिकेल." मी जवळ गेले की, "तू नको हात लावूस, बिघडेल." बाबा प्रेमळ होते, माझ्या शिक्षणासाठी त्यांनी कर्ज काढलं, त्यांच्याविषयी माझ्या मनात काडीइतकी अढी नाही. पण बिघडवण्याची मोकळीक एकाला मिळाली आणि एकीला नाही. मग जिला मिळाली नाही तिनं काय करावं? तिनं वाचायला शिकावं. टेपरेकॉर्डरसोबत आलेलं माहितीपत्रक मी इतक्यांदा वाचलं होतं की त्यातली आकृती मला आजही काढता येईल.

२००६ मध्ये त्याच गटानं या खुडबुडीवरच काम केलं. पुरुषांनी खुडबुड जास्त केली, पण कळ दाबणं जिथं अगदी सोपं होतं तिथं ती अती झाली आणि त्यांच्याच कामाच्या आड आली. स्त्रियांमध्ये मात्र ज्यांनी खुडबुड केली त्यांना फायदा झाला. आणि एखादी कृती केल्यावर जे क्षणभर थांबले, त्यांना पुढचं जास्त उमगलं. मला यातलं थांबणं फार मोलाचं वाटतं. भाऊ थांबत नाही. मी थांबते, पण आधी कृतीच करत नाही.

पुढं २००८ मध्ये त्यांनी चुका शोधण्याच्या वाटा वेगवेगळ्या करून पाहिल्या. पुरुषांना यश देणारी मुख्य वाट होती आकड्यांचा प्रवाह धरून मागं मागं जाण्याची. स्त्रियांना त्या वाटेचा फारसा उपयोग झाला नाही. त्यांना यश मिळालं ते सूत्रं वाचत जाण्यानं. आता कुठलीही स्प्रेडशीट उघडून बघा. बाण प्रवाहासाठी आहेत, रंगीत चौकटी प्रवाहासाठी आहेत. वाचणाऱ्यासाठी काय आहे? एका वेळी एका घराचं सूत्र, वरच्या अरुंद पट्टीत. पुढचं वाचायला पुढच्या घरात जा, तोवर मागचं गेलं. सगळी सूत्रं एकदम दाखवणारी एक कळ एक्सेलमध्ये आहे, कंट्रोल आणि एकच्या डावीकडची तिरपी खूण, पण ती मला कुणी सांगितली नव्हती. म्हणजे एका इमारतीत दोन जिने आहेत, एकाला कठडा आहे आणि दुसऱ्याला नाही. आणि मग आपण मोजतो की कोण हळू चढतं.

२००९ मध्ये स्प्रेडशीट सोडून पॉवरशेल या संगणकाच्या भाषेतल्या छोट्या प्रोग्रामवर, म्हणजे स्क्रिप्टवरही असाच अभ्यास झाला. वाटा बऱ्याचशा त्याच निघाल्या. हे सगळे कल आहेत हे मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ माझ्याहून बारकाईनं वाचतात, आणि माझी मावसबहीण कुठलंही यंत्र आधी उघडते, मग विचार करते. म्हणून 'बायका अशा, पुरुष तसे' असं कुणी या अभ्यासातून उचलून सांगायला लागलं की मला राग येतो. त्या संशोधकांचा रोख माणसांवर नव्हताच. तो अवजारावर होता.

वाचून चूक शोधण्याची वाट काही कमी प्रतीची नाही, यासाठी मला नेहमी एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकावरच्या सहा जणी आठवतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी फिलाडेल्फियात तोफगोळ्यांचे मार्ग काढण्यासाठी ते अवाढव्य यंत्र बांधलं गेलं, १७ हजारांवर निर्वात नळ्यांचं. ते चालवण्यासाठी निवडल्या गेल्या के मॅक्नल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिख्टरमन. गंमत म्हणून नाही, खरोखर विचार करण्याजोगी गोष्ट अशी की सुरुवातीला सुरक्षेच्या कारणानं त्यांना यंत्राच्या खोलीत जाऊ देत नव्हते. हातात दिल्या त्या तारांच्या जोडणीच्या आकृत्या. त्यावरून यंत्र कसं चालतं ते तुम्हीच समजून घ्या, असं. त्यांनी ते वाचून, आपापसांत वाटून घेऊन, एकमेकींना शिकवून समजून घेतलं. यंत्राला हात लागायच्या आधी ते त्यांच्या डोक्यात उभं होतं, म्हणूनच पुढं बिघाड झाला की त्या नेमकी कुठली नळी गेलीय इथपर्यंत पोचायच्या.

फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक जगासमोर यायचा होता. प्रात्यक्षिकाची तयारी दोघी बेटींकडे. सगळं चालत होतं, फक्त एक गोष्ट सोडून. गोळा जमिनीवर आदळल्यावरही यंत्र थांबत नव्हतं, तो जमिनीच्या खाली जातच राहिला होता. आदल्या रात्री उशिरापर्यंत काही सापडलं नाही. बेटी स्नायडर घरी गेली, झोपली, आणि सकाळी येऊन तिनं एक स्विच बदलला. गोळा जमिनीवर थांबला. त्यानंतरच्या मोठ्या जेवणाचं बोलावणं त्या बायकांना नव्हतं, हे वाचून माझा घास कितीतरी वेळ घशात अडकला होता.

आता मला जे खरं सांगायचंय ते.

आमचं ऑफिस औषधांच्या वितरणाचं. गोदामातल्या साठ्याच्या याद्या एकत्र करणारी एक पायथन स्क्रिप्ट आहे. तिच्यातून मुदत संपत आलेल्या औषधांची यादी निघते. एका आठवड्यात यादी विचित्र येऊ लागली. काही औषधं गायब, काही नको ती हजर. बैठक बसली. नवी आलेली एक मुलगी, नोकरीला जेमतेम चार महिने, म्हणाली, "सर, बहुतेक तारखांचा घोळ असावा." वरिष्ठ म्हणाले, "बहुतेक नको. खात्री असेल तर सांग." ती गप्प बसली. दुसऱ्या एकानं ठामपणे सर्व्हरचं नाव घेतलं, तोही प्रामाणिकपणेच, आणि दोन दिवस सर्व्हर तपासण्यात गेले.

घोळ तारखांचाच होता. ०५/०४ म्हणजे आपल्याला पाच एप्रिल, स्क्रिप्टला चार मे. तारीख बाराच्या पुढं गेली की मात्र ती मुकाट्यानं बरोबर वाचायची, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून अर्धी यादी बरोबर, अर्धी चूक, आणि कुणाला नमुनाच लागेना. स्क्रिप्ट उघडली तेव्हा तारीख वाचणाऱ्या ओळीशेजारी एक टीप दिसली. नुसतं प्रश्नचिन्ह. तिनं ते बैठकीच्या आदल्याच दिवशी टाकलं होतं.

मी त्या प्रश्नचिन्हाकडे बघत राहिले. ते आईचं टिंब होतं.

आणि त्या बैठकीत मीही होते. वयानं, अनुभवानं मोठी. "थांबा, ती काय म्हणतेय ते ऐकू या," एवढं म्हणायला मला काय लागलं असतं? मी म्हटलं नाही. कारण मलाही खात्री नव्हती. मुदतीच्या औषधांचा प्रश्न होता, कुणाच्या तरी घरी जाणारी औषधं. नशिबानं काही चुकीचं बाहेर गेलं नाही. पण तेव्हापासून कुणी 'बहुतेक' म्हणालं की माझे कान टवकारतात. खात्री असलेल्या माणसाला शोधायचं तरी काय उरतं? चूक सापडते ती ज्याला शंका येते त्याला, आणि ती शंका मांडायला जागाच ठेवली नाही तर ती प्रश्नचिन्ह होऊन कुठंतरी कोपऱ्यात बसते.

बर्नेट-बेकविथ यांच्या गटानं पुढं जे केलं ते म्हणूनच मला इतकं भिडलं. त्यांनी त्या स्प्रेडशीटमध्ये दोनाच्या चार खुणा केल्या. 'बरोबर' आणि 'चूक' यांच्या मध्ये 'बहुतेक बरोबर' आणि 'बहुतेक चूक'. या मधल्या खुणा फिक्या रंगाच्या. बास, एवढंच. सोबत चुका कशा शोधायच्या ते समजावून सांगणारे छोटे व्हिडिओ आणि मजकूर दिले. २००८ मध्ये हे बदल तपासले तेव्हा स्त्रिया त्या सोयी जास्त वापरू लागल्या होत्या, आणि पुरुषांचं त्यात काही बिघडलं नव्हतं. कुणाला धीट व्हायला सांगितलं नाही, आत्मविश्वासाचं शिबिर घेतलं नाही. फक्त ज्याला खात्री नाही त्यालाही उमटवता येईल अशी एक खूण दिली.

यंदा सोसायटीच्या शीटमध्ये मी एक रकाना वाढवलाय. घरात गेलं की चार पर्याय उघडतात, तेच चार. भावानं पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्याला ते कामाचं वाटलं नाही. दोन आठवड्यांनी त्यानं पाण्याच्या टँकरच्या खर्चापुढं स्वतःहून 'बहुतेक चूक' लावलं आणि कारण विचारल्यावर म्हणाला, "माहीत नाही ग, नुसतं वाटतंय." मी ती पावती काढून वाचली. एक टँकर दोनदा लागला होता.

आई आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मागच्या महिन्यात आली होती, तेव्हा मी तिला लॅपटॉपवर ते सगळं दाखवलं. चष्मा वर करून तिनं फिक्या खुणा निरखल्या, एकीवर बोटही ठेवलं.

"ही पुसता येते का?"

"येते की."

"मग ठीक आहे," म्हणाली, आणि पुढची ओळ वाचायला लागली.